बेघर गाण्यांचा पत्ता

रॉक संगीत मन लावून ऐकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: खरी कलाकृती म्हणजे अल्बम, आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणजे रेकॉर्ड कंपनीने त्यावर केलेला धंदा. नवख्याने हिट्स ऐकावेत, जाणकाराने अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकावा. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडपुरतं मला हे मान्य आहे. तिथे एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे कळत नाही आणि मधलंच एखादं उचलून आणलं तर ते पोरकं वाटतं. पण हाच नियम पॉप-पंकला, म्हणजे पंकचा वेग आणि पॉपच्या चाली एकत्र आणणाऱ्या संगीताला, लावला की मी वाद घालायला बसते. अडीच-तीन मिनिटांचं गाणं, मोजके कॉर्ड, एकदा ऐकून पाठ होणारी चाल, आणि लगेच पुढचं. हा प्रकार जन्माला आला तोच सुट्या गाण्यांच्या रूपाने. त्यातल्या काही बँडचे हिट्स-संग्रह मी कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आले आहे, आणि त्या बँडमधल्या माणसांचं आयुष्य जसं या संग्रहांत ऐकू येतं तसं सुट्या सुट्या अल्बममध्ये येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

धंद्याचा आरोप मात्र खरा आहे. या प्रकाराची सुरुवातच गरजेतून झाली. १९५८ साली जॉनी मॅथिस या अमेरिकन गायकाला दौऱ्यांमुळे स्टुडिओत जायला वेळ नव्हता, म्हणून कंपनीने त्याची आधी गाजलेली गाणी एकत्र करून ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ काढला. तो ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ४९० आठवडे राहिला, आणि मग कोणती कंपनी स्वस्थ बसणार? ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे, स्टुडिओचा खर्च नाही, नवं काही करून घ्यायचं नाही. ज्यांच्याकडे सगळे अल्बम आधीच आहेत त्यांनीही विकत घ्यावं म्हणून एक-दोन नवी गाणी घालायची. टॉम पेटी या अमेरिकन रॉक गायकाच्या १९९३च्या संग्रहातलं ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ हे असंच घातलेलं नवं गाणं, आणि ते त्याच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी एक ठरलं. म्हणजे धंद्याच्या हिशेबातूनही कधी कधी चांगलं गाणं जन्माला येतं.

ईगल्स या अमेरिकन बँडचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ फेब्रुवारी १९७६ मध्ये आला. अमेरिकेत मोठ्या खपासाठी दिला जाणारा प्लॅटिनमचा दर्जा त्याच वर्षी सुरू झाला आणि तो मिळवणारा हा पहिला अल्बम. २०१८ मध्ये त्याच्या खात्यावर ३ कोटी ८० लाखांच्या खपाची नोंद झाली आणि मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मागे पडला. पण या अल्बमबद्दल मला नवल वाटतं ते या आकड्याचं नाही. यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही. असणार कसं? तो अल्बम त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आला. ज्या गाण्यासाठी जग या बँडला ओळखतं ते अजून बाहेर यायचं होतं, आणि त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडून झाला होता. हिट्सचा संग्रह बहुतेक वेळा असाच निघतो: बँडला, निदान कंपनीला, वाटत असतं की सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. पुढे काय होतं त्यावरून तो संग्रह नंतर वेगळाच ऐकू येतो.

आणि हिट म्हणजे कुठली हिट, हाही प्रश्न आहेच. ‘क्वीन’चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ऑक्टोबर १९८१ मध्ये आला तेव्हा वेगवेगळ्या देशांत गाण्यांची यादी वेगवेगळी होती, जिथे जे गाजलं ते घेतलेलं. अमेरिकेतल्या आवृत्तीत ‘अंडर प्रेशर’ होतं, ब्रिटनमधल्या आवृत्तीत नव्हतं. ब्रिटनमध्ये मात्र हा अल्बम आजवरचा सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये त्याने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. शाळेतल्या मुलांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड होता, त्यात तो पियानो वाजवायचा. पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहिलं की मला दर वेळी हे आठवतं, आणि सोबत जे कुणी असेल त्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या पिढीतल्या मराठी मुलामुलींना हे संगीत अल्बमच्या क्रमाने मिळालंच नाही. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मुलाने १९९४ साली तिथल्याच ‘ग्रीन डे’ या बँडचा ‘डूकी’ विकत घेतला, पुढच्या वर्षी ‘इन्सोम्नियाक’ घेतला, बँडबरोबर तो मोठा झाला. मी नाशिकहून पुण्याला इंजिनिअरिंगला आले तेव्हा हॉस्टेलवर खोलीतल्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ‘ग्रीन डे’ नावाचा फोल्डर होता, आणि त्यात होता ‘इंटरनॅशनल सुपरहिट्स!’. आम्हाला सगळी वर्षं एकदम मिळाली. हे कमीपणाचं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मराठी कानाला संग्रहाची सवयच आहे. आपलं भावगीत अल्बम म्हणून कधी जन्मलंच नाही. ते ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला एक असं आलं, आकाशवाणीवर ऐकलं गेलं, आणि कॅसेटचा जमाना आल्यावर एचएमव्हीने ती गाणी एकत्र बांधली. घराघरात जे भावगीत पोचलं ते या बांधलेल्या रूपात. त्याला कुणी कमी प्रतीचं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पॉप-पंकचं मूळ शोधत गेलं तर तिथेही संग्रहच सापडतो. मँचेस्टरचा ‘बझकॉक्स’ हा बँड. १९७७ ते १९७९ या काळात त्यांनी एकामागून एक सिंगल काढली, म्हणजे पुढे एक मुख्य गाणं आणि मागे दुसरं अशा छोट्या तबकड्या. पंकचा राग, वेग आणि खरखरीत गिटार तीच, पण त्यांचा गायक पीट शेली गायचा ते फसलेल्या प्रेमाबद्दल, आणि चाली अशा की कुठल्याही पॉप गायकाने हेवा करावा. सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिकेत त्यांचा ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ आला. त्याची रचना अगदी साधी आहे. पहिल्या बाजूला आठ सिंगलची मुख्य गाणी ज्या क्रमाने बाहेर आली त्या क्रमाने, दुसऱ्या बाजूला त्याच आठ सिंगलची मागची गाणी त्याच क्रमाने. यातली बहुतेक मुख्य गाणी त्यांच्या मूळ अल्बममध्ये नव्हतीच. म्हणजे जाणकारांचा सल्ला मानून कुणी फक्त अल्बम ऐकले तर ‘व्हॉट डू आय गेट?’ हे गाणं त्याला भेटणारच नाही. ‘लव्ह यू मोअर’ भेटणार नाही, जे दोन मिनिटंही टिकत नाही आणि तरी पूर्ण आहे.

दुसरी बाजू मला जास्त आवडते. मागच्या बाजूचं गाणं गाजण्याच्या अपेक्षेने केलेलं नसतं, त्यामुळे तिथे बँड मोकळा असतो. ‘व्हाय कान्ट आय टच इट?’ सहा मिनिटांहून मोठं आहे. तेच तेच बेसचं वळण, दोन कानांत दोन गिटारी एकमेकींशी बोलताहेत, आणि कुणालाच घाई नाही. पंक बँडने असं काही करावं हे त्या काळात कुणाच्या मनातही आलं नसेल. ‘हिट्स’च्या संग्रहाचा अर्धा भाग हिट नसलेल्या गाण्यांना द्यायचा, हा निर्णय ज्याने कुणी घेतला त्याला बँड समजला होता. ‘ग्रीन डे’ आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी या तबकडीचं देणं मानलं आहे, आणि ते ऐकताक्षणी कळतं.

आता ‘इंटरनॅशनल सुपरहिट्स!’. नोव्हेंबर २००१. एकवीस गाणी. सुरुवातीला दोन नवी, ‘मारिया’ आणि ‘पॉपरॉक्स अँड कोक’, आणि मग ‘डूकी’, ‘इन्सोम्नियाक’, ‘निमरॉड’ आणि ‘वॉर्निंग’ या चार अल्बममधली गाणी, कालक्रमाने. हा कालक्रमच त्या संग्रहाचा प्राण आहे. ‘लाँगव्ह्यू’मध्ये बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग घरी टीव्हीसमोर कंटाळून पडलेला वाट चुकलेला पोरगा आहे. ‘बास्केट केस’मध्ये स्वतःच्या डोक्यात काय चाललंय याची त्याला भीती वाटते. ‘इन्सोम्नियाक’च्या गाण्यांत आवाज कडवट होतो, झोप नसलेल्या माणसाचा. मग ‘निमरॉड’मधलं ‘गुड रिडन्स’: एकट्याची अकूस्टिक गिटार आणि मागे व्हायोलिन. शेवटी ‘वॉर्निंग’, जिथे गिटारींची खरखर उतरली आहे, शब्द नीट ऐकू येतात, आणि सगळ्यात शेवटचं गाणं ‘मेसीज डे परेड’, संथ, दुकानात विकत मिळणाऱ्या सुखावर विश्वास न उरलेल्या माणसाचं. बावीस वर्षांचा मुलगा अठ्ठावीसचा होतो ते एका बैठकीत ऐकू येतं. सुटे अल्बम ऐकताना मला हे जाणवलं नव्हतं, कारण प्रत्येक अल्बम आपल्याच वर्षात बंद असतो.

काय वगळलं तेही बघण्यासारखं आहे. ‘डूकी’च्या आधीचे दोन अल्बम ‘लुकआउट’ या छोट्या कंपनीकडे निघाले होते. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबमध्ये, तिथल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मंचावर, हा बँड वाढला. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही असा त्या क्लबचा नियम होता, आणि ‘रिप्रीज’ या मोठ्या कंपनीशी करार झाल्यावर तो दरवाजा त्यांना बंद झाला. २००१च्या संग्रहात ती सगळी वर्षं नाहीत. पण ‘वेलकम टू पॅराडाइज’ आहे! हे गाणं मुळात ‘लुकआउट’च्या ‘करप्लंक’वरचं, ‘डूकी’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं. वगळलेल्या वर्षांतलं एक गाणं नव्या पेहरावात यादीत शिरलेलं आहे, आणि तेही घर सोडून पडक्या वस्तीत राहायला गेलेल्या मुलाचं. मला ते फार मोलाचं वाटतं.

आणि मग ‘जे.ए.आर.’. बेस वाजवणाऱ्या माइक डर्न्टचा एक मित्र एकोणीस वर्षांचा असताना मोटार अपघातात गेला, त्याच्यासाठी माइकने हे लिहिलं. गाण्याचं नाव म्हणजे त्या मित्राच्या नावाची आद्याक्षरं. दुःखाचं गाणं म्हणून कुणी ओळखणार नाही इतक्या वेगात ते पळतं, जणू थांबलं तर रडू येईल. १९९५ मध्ये ते ‘अँगस’ नावाच्या सिनेमाच्या ध्वनिमुद्रिकेवर आलं, बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ‘ग्रीन डे’च्या कुठल्याच स्टुडिओ अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नाही. सहा वर्षं ते भाड्याच्या घरात राहिलं. या संग्रहात ते ‘डूकी’ आणि ‘इन्सोम्नियाक’च्या मधोमध, कालक्रमात जिथे त्याचं स्थान होतं नेमकं तिथे येऊन बसलं. हिट्सच्या संग्रहात नवं काहीच नसतं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे गाणं ऐकवते.

त्या वेळी ‘ग्रीन डे’ ओसरतो आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. ‘वॉर्निंग’ आधीच्या अल्बमच्या मानाने कमी खपला होता, आणि २००२च्या ‘पॉप डिझास्टर’ दौऱ्यात त्यांच्या जोडीला होते ते त्यांच्याच वाटेने आलेले आणि आता त्यांच्याइतकेच मोठे झालेले ‘ब्लिंक-१८२’. पुढच्या अल्बमसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेप चोरीला गेल्या. निर्माता रॉब कॅव्हॅलो याने त्यांना विचारलं की गेलेलं काम खरंच तुमचं सर्वोत्तम होतं का, आणि बँडमधल्या तिघांनी ते सगळं सोडून नव्याने सुरुवात केली. सप्टेंबर २००४ मध्ये आलेला ‘अमेरिकन इडियट’ त्यातून आला. मला वाटतं, एकवीस गाण्यांचा तो हिशेब समोर मांडला गेला नसता तर इतकं धाडस त्यांना झालं नसतं. हा माझा तर्क आहे, पण मी तो सोडायला तयार नाही.

‘ब्लिंक-१८२’चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नोव्हेंबर २००५चा, आणि त्याची कहाणी अधिक दुखरी आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत बँडने बेमुदत विराम जाहीर केला होता. बँडचे दोघे गायक, मार्क हॉपस आणि टॉम डिलाँग, एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे हा संग्रह निघाला तो अर्धा मृत्युलेख म्हणून. हाही कालक्रमाने लावलेला आहे, ‘कॅरोसेल’पासून. सान डिएगोजवळच्या पोवेमधली टवाळ पोरं, मग ‘ऑल द स्मॉल थिंग्ज’ची तुफान लोकप्रियता, आणि तिच्याच शेजारी ‘अॅडम्स साँग’, एकटेपणाने मरणाच्या काठावर पोचलेल्या मुलाचं गाणं. थोडं पुढे ‘स्टे टुगेदर फॉर द किड्स’, आईवडिलांच्या घटस्फोटात सापडलेल्या मुलाच्या तोंडून. विनोद करणारी पोरं म्हणून ज्यांना हिणवलं गेलं त्यांनी हे लिहिलं आहे. इथेही एक बेघर गाणं आहे: ‘मॅन ओव्हरबोर्ड’. ते फक्त थेट कार्यक्रमांच्या अल्बमला जोडून आलं होतं, कुठल्या स्टुडिओ अल्बममध्ये नाही. बँडपासून दुरावलेल्या पहिल्या ड्रमरशी त्याचा संबंध जोडला जातो.

या सगळ्या आवाजामागे एक हात आहे, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. जेरी फिन. ‘डूकी’चं मिक्सिंग, म्हणजे सुटे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याचं काम, त्याने केलं. ‘ब्लिंक’चा १९९९चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ आणि त्यापुढचे अल्बम त्याने घडवले. कॅनडाच्या ‘सम ४१’चा २००१चा ‘ऑल किलर नो फिलर’ही त्याचाच. गिटारींची भिंत जाड, पण बेसचा प्रत्येक सूर सुटा. ड्रम समोर, आवाज त्याच्याही समोर. हे तिन्ही बँड एकामागून एक लावा, एकाच कारागिराचं काम कळेल. २००८च्या ऑगस्टमध्ये तो गेला, वय अवघं ३९. पुढच्याच महिन्यात ‘ब्लिंक’चा ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर विमान अपघातातून गंभीर भाजून वाचला, त्याच्यासोबतचे चार जण गेले. या दोन धक्क्यांनी दुरावलेली माणसं पुन्हा बोलू लागली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये बँड परतला. २००५चा मृत्युलेख खोटा ठरला. आता तो संग्रह ऐकताना शेवटाकडचं ‘ऑलवेज’ मला निरोपासारखं ऐकू येत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘ऑफस्प्रिंग’ने २००५ मध्ये संग्रह काढला, पहिल्या दोन अल्बममधलं एकही गाणं न घेता, मला तो कोरडा वाटतो. ‘फॉल आउट बॉय’ने २००९ मध्ये काढला, लगेच थांबले, २०१३ मध्ये परतले. ‘माय केमिकल रोमान्स’चा ‘मे डेथ नेव्हर स्टॉप यू’ मात्र विचारपूर्वक रचलेला आहे. बँड २०१३ मध्ये मोडला, संग्रह २०१४च्या मार्चमध्ये आला. तो सुरू होतो ‘फेक युअर डेथ’ने, त्यांनी शेवटी शेवटी केलेल्या गाण्याने. मधल्या गाण्यांत कारकीर्द पुढे सरकते, आणि शेवटी येतात अगदी सुरुवातीच्या काळातली कच्ची ध्वनिमुद्रणं. त्यांत ‘स्कायलाइन्स अँड टर्नस्टाइल्स’ आहे, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर गायक जेरार्ड वेने लिहिलेलं, बँडचं पहिलं गाणं. शेवटापासून सुरू करून आरंभापाशी थांबणारा हिट्सचा संग्रह मला दुसरा माहीत नाही. २०१९च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्यांनी परत येत असल्याचं जाहीर केलं.

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे आणि मार्च २०२५ मध्ये ‘ग्रीन डे’ लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी मुंबईत येणार हे कळल्यापासून त्याने ते ऐकायला घेतले. त्याने निवडला ‘गॉड्स फेव्हरिट बँड’, २०१७चा संग्रह, बावीस गाण्यांचा. मी तो त्याच्यासोबत बसून ऐकला. त्यात एक न्याय झाला आहे: सुरुवातच ‘लुकआउट’च्या काळातल्या ‘टू थाउजंड लाइट इयर्स अवे’ने होते. पण पूर्ण कारकीर्द बावीस गाण्यांत बसवायची म्हणून २००१च्या एकवीसपैकी निम्मीही उरलेली नाहीत. ‘मेसीज डे परेड’ नाही. ‘जे.ए.आर.’ नाही, म्हणजे ते पुन्हा रस्त्यावर. ‘इन्सोम्नियाक’ची पाच गाणी होती, राहिलं एकटं ‘ब्रेन स्ट्यू’.

आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. ‘ब्रेन स्ट्यू’ हे एकटं गाणं नाही. झोप न लागलेल्या माणसाचे ते जड, फरफटत उतरणारे गिटारीचे घाव जिथे संपतात, तिथूनच एका श्वासात ‘जेडेड’ सुटतं, दुप्पट वेगाने. मूळ अल्बममध्ये ती दोन्ही जोडून आहेत, सिंगल म्हणूनही जोडीनेच निघाली, आणि २००१च्या संग्रहात शेजारीशेजारी ठेवली आहेत. २०१७मध्ये ‘ब्रेन स्ट्यू’नंतर येतं ‘हिचिन अ राइड’. चांगलं गाणं आहे, पण दोन वर्षांनंतरचं, दुसऱ्याच मनःस्थितीतलं. भाच्याला फरक कळेना, म्हणून मी त्याला दोन्ही याद्यांमधला तेवढाच तुकडा पाठोपाठ ऐकवला. आता तो स्वतःच्या यादीत ‘ब्रेन स्ट्यू’च्या खाली ‘जेडेड’ हाताने घालून ठेवतो, आणि ‘गीक स्टिंक ब्रेथ’ही घे असं मी म्हणते त्याला तो अजून तयार नाही.